पासवर्ड बदलायला मी सांगितलंच नव्हतं



रात्रीचे सव्वानऊ वाजले आहेत. जेवणं झाली, भांडी आवरली आणि तुम्ही जरा निवांत फोन हातात घेतला. बघता तर एक मेल आलेला. बहुतेक वेळा तो इंग्रजीत असतो, त्याचा मतलब असा: ‘तुमच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची विनंती आमच्याकडे आली आहे. बदलायचा असेल तर खालचं बटण दाबा. विनंती तुम्ही केली नसेल तर या मेलकडे दुर्लक्ष करा.’

तुम्ही तर कसलीच विनंती केलेली नाही. पोटात गोळा येतो. खात्यात कुणी शिरलं का? पैसे आहेत ना जागेवर? आता हे बटण दाबायचं की नाही?

आज मी तुमच्याशी फक्त या एका मेलबद्दल बोलणार आहे. बँकेत काउंटरवर बसून माझी बरीच वर्षं गेली. तेव्हा लोक सही जुळत नाही म्हणून घाबरायचे, आता मेल आला म्हणून घाबरतात. त्या घाबरण्याच्या दहा-पंधरा मिनिटांत जे घडतं, त्यावर सगळं ठरतं.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. घरगुती डबे करून देतात. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांनी १,६०,००० रुपयांची मुदत ठेव केली होती. पाच-पाच, दहा-दहा हजार करून साठवलेले पैसे. त्यांना असाच मेल आला. मावशी शहाण्या, त्यांनी मेलमधलं बटण दाबलं नाही. पण घाबरल्या. दहा मिनिटांत फोन वाजला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने म्हणाला, “मॅडम, बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमचा पासवर्ड बदलायचा कुणीतरी प्रयत्न करतंय. तुम्हाला आत्ता मेल आला ना?”

आला होता की! मावशींना वाटलं, मेल आल्याचं याला ठाऊक आहे, म्हणजे माणूस बँकेचाच असणार. तो म्हणाला, “घाबरू नका, आम्ही ते थांबवतोय. तुमच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर येईल, तो सांगा, म्हणजे विनंती रद्द होईल.” मावशींनी सांगितला. मग दुसरा आला, तोही सांगितला. ‘खात्री करण्यासाठी’ म्हणून कार्डावरचे आकडे विचारले, तेही दिले. फोन ठेवला तेव्हा त्यांनी त्या माणसाचे आभार मानले होते.

मेल आल्याचं त्याला कसं कळलं? सोपं आहे. मेल यायला कारणीभूत तोच होता.

ही गोष्ट नीट समजली की निम्मं काम झालं, म्हणून जरा सावकाश सांगतो. कुठल्याही खात्याच्या पहिल्या पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ असं लिहिलेलं असतं. तिथे तुमचा ई-मेल पत्ता किंवा मोबाइल नंबर टाकून कुणीही ते दाबू शकतं. त्यासाठी तुमचा पासवर्ड माहीत असावा लागत नाही. ज्याला पासवर्ड माहीत आहे, त्याला ते दाबायची गरजच काय? दाबलं की कंपनीची यंत्रणा खऱ्या मालकाला, म्हणजे तुम्हाला, मेल किंवा नंबर पाठवते. अशी विनंती खरोखर कंपनीकडे गेली असेल आणि तुम्ही काहीच केलं नाही, तर जुना पासवर्ड तसाच राहतो. मेलमधली लिंकही काही वेळाने आपोआप निकामी होते.

म्हणजे खरा मेल आला याचा अर्थ एवढाच, की दाराची कडी कुणीतरी वाजवली. दार उघडलेलं नाही. ते उघडायचं असेल तर तुमच्याकडे आलेली लिंक किंवा आकडे त्याच्या हाती पडायला हवेत. म्हणून तो फोन करतो. त्या रात्री मावशींच्या घरी मेल येऊन नुसता पडून राहिला असता, तर काही बिघडलं नसतं.

कडी वाजवणारा दरवेळी चोरच असतो असंही नाही. आपल्याकडे एकेका नावाची शेकडो माणसं. कुणी आपला पत्ता टाकताना एखादं अक्षर किंवा आकडा चुकतो आणि तो पत्ता नेमका तुमचा निघतो. जीमेलमध्ये तर नावातल्या टिंबांना काही अर्थ नसतो. मध्ये टिंब द्या नाहीतर देऊ नका, मेल एकाच खात्यात येतो. त्यामुळे तुम्ही कधी उघडलंच नाही अशा खात्याचा मेल आला, तर अनेकदा तो असा वाट चुकलेला असतो. तिसरी शक्यता वाईट: कुणी विनंतीबिनंती केलेलीच नाही, मेलच खोटा आहे. बँकेचं चिन्ह, रंग, अक्षरं सगळं हुबेहूब, पण बटण दाबलं की चोराचं पान उघडतं. तिथे तुम्ही आपल्या हाताने जुना पासवर्ड लिहिता, नवा लिहिता आणि दोन्ही त्याच्याकडे जातात.

आता तुम्ही विचाराल, खरा मेल कोणता आणि खोटा कोणता हे ओळखायचं कसं? माझं मत विचाराल तर, ओळखायच्या फंदातच पडू नका. पूर्वी आम्ही लोकांना सांगायचो, स्पेलिंगच्या चुका बघा, भाषा वेडीवाकडी आहे का बघा. आता खोटे मेलही शुद्ध भाषेत येतात, मराठीतसुद्धा येतात. रात्री सव्वानऊला, चष्मा शोधत, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता तपासत बसणं आपल्याला जमणारं नाही, आणि त्याची गरजही नाही. मेल खरा असो वा खोटा, आपण करायचं ते एकच. त्यातलं काही दाबायचं नाही. मेल बंद करायचा आणि आपल्या नेहमीच्या वाटेने खात्यात जायचं.

नेहमीची वाट म्हणजे फोनवर आधीपासून असलेलं बँकेचं ॲप, किंवा बँकेचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेली वेबसाइट. गुगलवर बँकेचं नाव शोधून जी पहिली ओळ येईल ती उघडायची नाही, तिथेही खोटी पानं असतात. पत्त्याची एक नवी खूण लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना आपल्या वेबसाइटचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचा करायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. असा शेवट बँकांनाच मिळतो, कुणा भुरट्याला विकत घेता येत नाही. मात्र तो अगदी शेवटी हवा. पत्त्याच्या मध्येच कुठेतरी ‘बँक’ लिहिलेलं असेल तर त्याला काही किंमत नाही.

खात्यात गेल्यावर शिल्लक बघा, शेवटचे व्यवहार बघा, पैसे पाठवायच्या यादीत कुणी अनोळखी नाव घातलंय का बघा. सगळं ठीक असेल आणि मनाला रुखरुख लागली असेल, तर तिथूनच पासवर्ड बदला. तुम्ही स्वतः, तुमच्या वाटेने जाऊन बदललात तर धोका नाही. मेल बँकेचा नसून दुसऱ्या कसल्या खात्याचा असेल, म्हणजे पीएफचा, म्युच्युअल फंडाचा, डीमॅटचा, तरी रीत हीच.

आणि त्यानंतर फोन आला तर? फोन ठेवायचा. उद्धटपणा होईल, समोरचा माणूस बिचारा मदत करतोय, असं वाटून आपण बोलत राहतो. आपल्या पिढीला फोन मध्येच ठेवणं जमत नाही, हे मला माहीत आहे. पण खरा बँकवाला असेल तर त्याला राग येणार नाही. तुम्ही म्हणा, “मी शाखेत येऊन बोलतो,” आणि ठेवा. मग कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर स्वतः लावा. मोबाइलवर आलेले आकडे पुढे जायचं दार उघडतात, कुठलीही विनंती त्यांनी ‘रद्द’ होत नाही. रद्द करायला आकडे लागतात असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय, मग त्याला तुमचं नाव, शाखा, अगदी आईचं नाव ठाऊक असलं तरी. यूपीआयच्या पिनचंही तसंच. तो पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

आता मी त्या भागाकडे येतो, ज्याबद्दल आपल्या छोट्या खातेदारांशी फारसं कुणी बोलत नाही. तुमचा ई-मेल.

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, “अहो, मी मेल वापरतच नाही.” वापरत नसाल, पण आहे ना? फोन घेतला तेव्हा उघडला होता. मग खातं काढताना फॉर्मवर तोच लिहिला. पीएफला तोच, विम्याला तोच, फंडाला तोच. आता विचार करा, यांतल्या कितीतरी ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा पासवर्ड करायची लिंक कुठे येते? त्या मेलमध्ये. म्हणजे तो मेल ज्याच्या हातात, त्याला बाकीची दारं एकेक करून उघडायचा प्रयत्न करता येतो. बँका मोबाइलवरचे आकडे आणि कार्डाची माहितीही मागतात म्हणून तिथे आणखी एक कुलूप असतं, पण सगळीकडे ते नसतं. घरातल्या सगळ्या किल्ल्या ज्या खिळ्याला टांगल्या आहेत तो खिळा म्हणजे हा मेल, आणि आपण त्याला ‘वापरत नाही’ म्हणून सोडून दिलेला.

तो मेल उघडून कुणी दिला होता? अनेक ठिकाणी फोनच्या दुकानातल्या मुलाने. घाईत त्याने पासवर्ड ठरवला, बहुधा तुमचं नाव आणि एक-दोन-तीन-चार. पासवर्ड विसरल्यास संपर्क करण्याचा नंबर म्हणून कधी तुमचा टाकला, कधी स्वतःचा. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला पुढचं गिऱ्हाईक उरकायचं होतं. पण आज त्या मेलची परतीची किल्ली त्याच्या नंबरवर असेल, तर मेल तुमचा आहे असं म्हणता येईल का?

म्हणून उद्या दिवसाउजेडी, मेल आलेला असो वा नसो, हे एकदा बघा. जीमेल असेल तर वर कोपऱ्यात आपल्या नावाच्या अक्षरावर दाबलं की गुगल खात्याची माहिती उघडते. तिथे सुरक्षा नावाच्या भागात जा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर तुमचा, आजचा, चालू आहे ना? दुसरा मेल पत्ता दिला असेल तर तो कुणाचा? कोणकोणत्या फोनवर आणि संगणकावर तुमचं खातं उघडलेलं आहे त्याचीही यादी तिथेच मिळते. आपण एकच फोन वापरतो आणि यादीत तीन दिसले, तर अनोळखी असतील ते बाहेर काढा आणि लगेच पासवर्ड बदला. शेवटी तिथेच दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मग नव्या ठिकाणाहून उघडताना पासवर्डबरोबर तुमच्या फोनवरची खूणही लागते. हे करताना अडलात तर घरातल्या माणसाला शेजारी बसवा, पण बोट तुमचं असू द्या.

मोबाइल नंबरचं एक वेगळंच दुखणं आहे, आणि नोकरीधंद्यासाठी गाव सोडून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांना ते जास्त छळतं. कुणी इंदूरला गेलं, कुणी सुरतेला, कुणी हैदराबादला. तिथे नवं सिम घेतलं. जुन्या नंबरवर रिचार्ज करायचं राहून गेलं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. आता तो नंबर कुणा अनोळखी माणसाच्या खिशात, आणि तुमच्या गावाकडच्या बँकेत, तुमच्या मेलमध्ये, पीएफमध्ये अजून तोच लिहिलेला. तुमचा नंबर बदलला तर सगळ्यात आधी बँकेत आणि मेलमध्ये बदला, मग नातेवाइकांना कळवा. उलट क्रमाने केलं जातं आणि बँक राहूनच जाते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. तिथे अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं कळवायचीही सोय आहे.

फोनचं नेटवर्क अचानक गेलं, शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं चालू आहे आणि आपलं तासभर आलंच नाही, तर ‘येईल’ म्हणून झोपू नका. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलेलं असू शकतं. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला विचारा.

पासवर्डबद्दल थोडंच सांगतो, कारण ते तुम्ही ऐकून ऐकून कंटाळला असाल. लांब असावा, आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या कशालाही नसावा. एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवरून पासवर्डांची यादी चोरीला गेली, तर चोर तीच जोडी मेलवर आणि बँकेवर लावून बघतात. लक्षात राहत नाहीत म्हणून सगळीकडे एकच ठेवायचा, त्यापेक्षा वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवलेला मी चांगला समजतो. माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. पण आपल्याला लुबाडणारा शेकडो किलोमीटरवर बसलेला असतो, त्याला आपलं कपाट उघडता येत नाही. फक्त ती वही पासबुक आणि कार्डाबरोबर एकाच पिशवीत नको, आणि पिन तिच्यात नको.

एक प्रकार क्वचित होतो, पण झाला तर कळायला हवा. अचानक मेलचा पूर येतो. तासाभरात शे-दोनशे मेल: कुठल्या कुठल्या वेबसाइटवर नाव नोंदल्याचे, पासवर्ड बदलण्याचे, जाहिरातींचे. आपण वैतागून सगळे एकदम पुसून टाकतो. कधीकधी हा पूर मुद्दाम सोडलेला असतो, कारण त्यात एक मेल खरा असतो: ‘तुमच्या खात्यातून इतके रुपये गेले.’ तो दिसू नये म्हणून बाकीचा कचरा. असा पूर आला तर पुसण्याआधी बँकेचं खातं उघडून बघा.

आता मावशींकडे परत जाऊ. त्यांच्या खात्यात बचत फारशी नव्हती, म्हणून त्या म्हणायच्या, “माझं काय जाणार? ठेव तर एफडीत आहे.” पण नेटबँकिंगमधून मुदत ठेव मोडता येते. ऑनलाइन मोडली, रक्कम बचत खात्यात आली आणि दोन हप्त्यांत बाहेर गेली. तुम्हाला नेटबँकिंग नको असेल तर बंद करून ठेवायला काहीच हरकत नाही. हवं असेल तर रोजची मर्यादा तुमच्या खर्चाइतकी लहान करून घ्या. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०२० सालीच सांगितलेलं आहे. आपण ती वापरत नाही. आणि एक गैरसमज: ठेवींवरचा ५ लाखांचा विमा बँक बुडाली तर असतो, फसवणूक झाली तर नाही.

मावशींच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा संदेश आला तेव्हा त्या रडत आमच्याकडे आल्या. माझ्या मुलाने पहिल्यांदा १९३० हा नंबर लावला. आर्थिक फसवणुकीसाठी हा नंबर देशभर चालतो, तुम्ही कुठल्याही राज्यात असा. तिथे तक्रार गेली की ती पैसे ज्या बँकेत पोचले तिथपर्यंत पाठवली जाते, आणि रक्कम अजून तिथे असेल तर ती गोठवता येते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवत राहतो, मग एटीएममधून काढतो. म्हणून इथे सगळी शर्यत वेळेची. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. त्यानंतर बँकेच्या नंबरवर फोन करून खातं थांबवलं, आणि सकाळी शाखेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या भांडणात तोच कागद कामाला येतो.

बँक पैसे परत देते का, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी यावर परिपत्रक काढलं. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच काढलं. त्यात म्हटलं आहे, की चूक बँकेची असेल तर खातेदाराने काहीच सोसायचं नाही. चूक ना बँकेची, ना तुमची, मधल्याच कुणाची असेल आणि व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तरीही नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर तुमच्यावरचा बोजा ठरावीक मर्यादेत राहतो: साध्या मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये, इतर बचत खात्यांना १०,००० रुपये. त्याहून उशीर केलात तर त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. तुमचा दोष आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर टाकली आहे. पण तुम्ही स्वतः आकडे सांगितले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपलीच आहे हे माहीत असलं तरी पटकन कळवण्यात फायदा आहे. लाजेपोटी लोक दोन-दोन दिवस घरात सांगत नाहीत, आणि तेवढ्यात उरलेले पैसेही जातात.

मावशींनी आकडे सांगितले होते. त्यामुळे बँकेकडून भरपाई मिळाली नाही. पण १९३० वर पाऊण तासात तक्रार गेल्यामुळे ९२,००० रुपये पुढच्या खात्यात गोठले, आणि बऱ्याच महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशाने, परत आले. उरलेले ६८,००० गेले. मुलीचा प्रवेश वर्षभराने झाला.

तुमच्या बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

मागच्या एका बैठकीत एका आजोबांनी विचारलं होतं, “माझा मेल मुलाच्या फोनवर आहे, तो दुसऱ्या गावी असतो. मग मला हे काय कामाचं?” हा प्रश्न बऱ्याच जणांचा असेल, म्हणून त्यांना सांगितलं तेच इथे सांगतो. मुलाकडे मेल असणं वाईट नाही. पण मग अडचण अशी होते, की पासवर्डचा मेल मुलाला दिसतो, मोबाइलवरचे आकडे तुम्हाला दिसतात, आणि दोघांनाही अर्धीच गोष्ट कळते. मुलाला वाटतं बाबांनी काहीतरी दाबलं असेल, तुम्हाला वाटतं मुलाने काहीतरी केलं असेल. चोराला नेमकं तेच हवं असतं. तेव्हा घरात एवढं ठरवून टाका: असं काही आलं, की ज्याला आलं त्याने दुसऱ्याला त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून विचारायचं, “हे तू केलंस का?” संदेश पाठवून नाही, आवाज ऐकून. आजोबा म्हणाले, “रात्री उशिरा आलं तर?” रात्री उशिरा आलं तरी. मुलाची झोप मोडली तर मोडू द्या.